खुराकाचा हिशेब

आमच्या भागात पोरगं तालमीत घालायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न त्याच्या अंगापिंडाचा निघत नाही. 'खुराकाचं काय?' असा निघतो. कृष्णाकाठची आणि माणदेशाच्या कडेची कितीतरी पोरं या एका प्रश्नावर तालमीत गेली, आणि त्याहून जास्त याच प्रश्नावर अडली. कराड, वाळवा, शिराळा, खानापूर, माण, फलटण. तालुका कुठलाही घ्या.

खुराक म्हणजे नुसता आहार नव्हे. आहार डॉक्टर सांगतो, खुराक परवडावा लागतो. रात्री भिजत घातलेले बदाम पहाटेच्या मेहनतीनंतर सोलायचे, खसखस, बडीशेप, वेलदोडे, मिरी यांच्यासोबत दगडी कुंडीत घोटायचे, दुधात कालवायचे. ही झाली थंडाई. त्यावर दोन वेळचं धारोष्ण दूध, तूप, अंडी, आठवड्यातून काही वेळा मटण, शिवाय केळी वगैरे फळं. हे एका दिवसाचं. पोरगं दहा-बारा वर्षांचं असताना सुरू करायचं आणि ते मोठ्या जोडीत उतरेपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं तरी, खंड पडू द्यायचा नाही. तोवर त्याच्याकडून एक पैसा परत येत नाही. येईलच असंही नाही. पाय मोडला, खांदा निखळला किंवा नुसतीच उंची वाढली नाही, तर हिशेब तिथेच बंद.

मी कुस्ती खेळलो नाही. आमच्या घरात थोरले चुलते, आण्णा, खेळले. मला या विषयात रस लागला तो त्यांच्या कुस्त्यांमुळे नाही. आत्यानं एकदा सहज बोलताना सांगितलेल्या गोष्टीमुळे लागला. घरात दोन म्हशी होत्या. एकीचं दूध डेअरीला, कारण घरखर्चाची रोकड तेवढीच, दुसरीचं आण्णाला. बाकीची चार भावंडं कोऱ्या चहावर. धार आत्याच काढायची, चरवी तीच तालमीत पोचवायची. तालमीच्या दारातून आत जायची तिला मुभा नव्हती, म्हणून उंबऱ्यावर ठेवून यायची. 'आण्णा पैलवान झाला, आमचं दात लवकर पडलं,' एवढंच ती म्हणाली, आणि हसली. पैलवानाच्या खुराकाचा खर्च म्हटलं की आपण राजे, कारखाने, इनाम यांचा इतिहास सांगतो. तो खराच आहे, मीही तोच सांगणार आहे. पण त्या इतिहासाच्या तळाशी उंबऱ्यावर ठेवलेली ती चरवी आहे.

आता राजे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीला जे दिलं, ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ते स्वतः मातीत उतरणारे होते. देशभरचे मल्ल त्यांनी दरबारी ठेवले, तालमी उभ्या केल्या, युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं प्रेक्षागृह पाहून आल्यावर खासबागेचं मैदान बांधवलं. ते १९१२ साली पुरं झालं. कुस्तीचा इतिहास लिहिणारे मैदानावर थांबतात. मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. मल्लाचा खुराक त्यांनी संस्थानच्या खर्चात धरला. पोरात चुणूक दिसली की त्याला उचलायचं, तालमीत ठेवायचं, खायला घालायचं. निकाल पुढं केव्हातरी लागेल. म्हणजे निकालाच्या आधीची जी कोरडी वर्षं असतात, ती संस्थान अंगावर घेत होतं. या एका व्यवस्थेमुळं मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींत सातारा-सांगलीकडच्या पोरांचा ओघ लागला, आणि तो आजही आटलेला नाही.

ही पोरं आपल्या जिल्ह्यात का थांबली नाहीत, याचंही कारण इतिहासात आहे. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ सालीच खालसा केली. छत्रपतींच्या राजधानीत मल्ल पोसणारा छत्रपतीच उरला नाही. सांगलीला पटवर्धन होते, पण संस्थान बेताचं, आणि त्यांचं नाव निघतं ते दुसऱ्याच कारणानं: चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं. सांगलीनं नाटक पोसलं, कोल्हापुरानं मल्ल, असं म्हटलं तर सांगलीकर रागावतील (आणि कोल्हापूरकर नाटकावरचाही हक्क सांगतील), पण ढोबळमानानं ते खोटं नाही.

आणि मग औंध. सातारा जिल्ह्यातलं हे चिमुकलं संस्थान. त्याचे तुकडे आटपाडीपासून कुंडलपर्यंत विखुरलेले, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी अनेक वर्षं सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करत होते. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि असे वळले, की संस्थानच्या शाळांमधून त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यांची पद्धत सांगणारं इंग्रजी पुस्तक १९३८ साली विलायतेत निघालं. भवानरावांची चेष्टा पुष्कळ झाली. पण खर्चाच्या बाजूनं पाहिलं तर हा राजा एकटाच असा निघतो, ज्यानं व्यायामाची किंमत शून्यावर आणायचा विचार केला. ना यंत्र, ना आखाडा, ना वस्ताद, ना बदाम. सतरंजीएवढी जागा आणि सकाळचं ऊन. शाहूंनी निवडक पोरांचा खर्च उचलला. भवानरावांनी सगळ्या पोरांचा खर्चच काढून टाकला. गरीब संस्थानाला दुसरा मार्ग नव्हता, हेही खरं. नमस्कारानं शरीर सुधारलं, पण त्यातून जत्रेला जोड मिळत नाही. हलगी वाजत नाही. पोरांना शेवटी मैदानच हवं असतं.

मैदानाचं अर्थकारण मात्र गावानं स्वतःच शोधून काढलं होतं, आणि ते फार शहाणपणाचं होतं. गावची यात्रा आली की घरटी वर्गणी. दुपारी फड लागायचा. सुरुवातीला अगदी बारकी पोरं रेवड्यांवर. मग नारळावर. मग पाच, दहा, पंचवीस रुपये असं चढत चढत संध्याकाळी पहिल्या नंबरच्या कुस्तीपर्यंत. रेवडीला हसू नये. सहा-सात वर्षांच्या पोराला चारशे माणसांसमोर लंगोट लावून उभं करायचं, पाडायचं, पडू द्यायचं, आणि दोघांच्याही मुठीत काहीतरी ठेवून परत पाठवायचं. हे आजच्या भाषेत 'ज्युनियर लेव्हल कॉम्पिटिशन'. त्याला प्रवेश फी नव्हती, प्रवासखर्च नव्हता, पालकांना सुट्टी काढावी लागत नव्हती. चैत्रात सुरू झालेल्या यात्रा एकामागून एक गावं धरत जायच्या, आणि पोरगं चालत जाऊन महिन्याला चार-पाच कुस्त्या करून यायचं. कुंडलसारखी मोठी मैदानं तर आजही ओळखीची आहेत; तिथं जोड लागणं म्हणजेच नाव होणं.

तालीमही अशीच. वस्तादाला फी नसे. नारळ, फेटा, गुरुपौर्णिमेला यथाशक्ती. तालमीची माती हासुद्धा खर्चच: लाल माती आणायची, चाळायची, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालायचा. पण ताक एकाच्या घरचं, लिंबं दुसऱ्याच्या बांधावरची. सगळा खर्च होता, फक्त त्यातला बराचसा रोकड नव्हता. दूध घरचं, तूप घरचं, अंडी घरची, मेहनत फुकट. पैसे मोजून आणायचे ते बदाम. म्हणून तर पैलवानाच्या खुराकाची गोष्ट निघाली की बदामाचीच निघते, दुधाची नाही. दुधाची किंमत ज्यांनी दिली, त्यांना ती विचारली गेली नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर खाशाबांकडे यावं लागतं, कारण एक व्यवस्था कशी संपली आणि दुसरी कशी आली नाही, हे एका माणसाच्या चार वर्षांत दिसतं.

खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६, कराडजवळचं गोळेश्वर. वडील पैलवान. कराडच्या टिळक हायस्कुलातून पुढं कोल्हापूरला राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर कुस्ती केली. मातीत घडलेला, अंतरराष्ट्रीय नियमांशी फारशी ओळख नसलेला बावीस वर्षांचा मुलगा फ्लायवेट गटात सहावा आला. हे यश मी कायम पदकाच्या बरोबरीनं धरतो. जगात सहावा आणि पायाखाली कधी न पाहिलेली गादी!

मग आलं हेलसिंकी, १९५२. मधल्या काळात काय झालं होतं? १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. औंध आणि सांगली त्याच्या वर्षभर आधीच गेली होती. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं, त्यात वाद नाही. कुंडल आणि कराडच्या माणसांनी स्वातंत्र्यासाठी जे केलं ते राजे टिकवायला नव्हे. खाशाबा स्वतः बेचाळीसच्या चळवळीत होते. पण लंडनला ज्या खजिन्यातून तिकीट निघालं, तो खजिना हेलसिंकीच्या वेळी नव्हता, आणि त्याच्या जागी जे सरकार आलं होतं त्याच्या अंदाजपत्रकात पैलवानाचा रकाना अजून पडायचा होता. खाशाबांनी मदतीसाठी खेटे घातले. गावानं, कराडच्या दुकानदारांनी वर्गणी काढली. सगळं मिळूनही कमी पडत होतं. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले.

सात हजार म्हणजे किती, हे आज कळत नाही. त्या काळी सोनं साधारण पंच्याहत्तर-ऐंशी रुपये तोळा होतं. म्हणजे ऐंशी-नव्वद तोळे. एका मास्तरानं एका विद्यार्थ्याच्या एका स्पर्धेसाठी एवढं जोखमीत टाकलं. पोरगं पडून परत आलं असतं तर? या प्रश्नाचं उत्तर द्यायला खर्डेकर बांधील नव्हते, आणि राज्य बांधील असायला हवं होतं.

२३ जुलै १९५२. बँटमवेट गटात कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचा केशव माणगावे फेदरवेटमध्ये चौथा आला, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. चौथ्या नंबराचा खर्च तिसऱ्याइतकाच असतो, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. खाशाबा कराडला उतरले तेव्हा शंभराच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही बैलगाड्यांची मिरवणूक सगळे सांगतात. त्यानंतर त्यांनी काय केलं, ते कमी सांगितलं जातं. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशातून मास्तरांचं घर सोडवलं. ऑलिंपिक पदकविजेता आपल्या तिकिटाचं कर्ज फेडायला गावच्या आखाड्यात उतरला. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

खाशाबांनंतरच्या पिढीला थोडं बरं गेलं. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये सांगली जिल्ह्यातल्या दोन गावांनी भारताला मोठ्या वजनांत पदकं आणली: शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने. दोघेही सुवर्ण घेऊन आले, दोघेही हिंदकेसरी. एव्हाना कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात साखर कारखाने उभे राहत होते, आणि संस्थानांनी मोकळी केलेली जागा थोड्याफार प्रमाणात कारखान्यांनी घेतली. 'मानधनधारक मल्ल' हा शब्द त्यातूनच रुळला. वारणेच्या पलीकडच्या तीरावर वारणा कारखान्याचं मैदान तर मोठमोठ्या जोडीसाठी नावाजलं. चेअरमन नवे राजे झाले, असं टोमण्यानं म्हणतात. म्हणोत. ऊस गेला त्या काट्यावरून काही पोरांचा खुराक तरी निघाला. फक्त एक फरक होता. राजा चुणूक पाहून पोरगं उचलायचा. कारखाना सहसा नाव झाल्यावर उचलायचा. त्याला मैदानाच्या जाहिरातीवर नाव छापायचं असतं.

हा फरक बारका वाटतो. माझ्या मते पुढची सगळी गोष्ट त्यातच आहे.

माझी मावसबहीण टोरोंटोजवळ राहते. तिचा मुलगा आइस हॉकी खेळतो. फोनवर ती खर्चाबद्दल बोलू लागली की मला ओळखीचं काहीतरी ऐकू येतं. बर्फ तासाच्या भाड्यानं. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत चिलखत. आणि पोराचा पाय दरवर्षी वाढतो, म्हणजे स्केट्स दरवर्षी नवे. त्यात चांगल्या संघात निवड झाली की दर शनिवार-रविवारी दुसऱ्या गावी, हॉटेलात मुक्काम. खेळ तोच, जो एके काळी गोठलेल्या तळ्यावर फुकट खेळला जायचा. गॉर्डी हाउ हा त्या खेळातला दादा माणूस सस्कॅचवानच्या एका गरीब घरातला. मंदीच्या दिवसांत त्याच्या आईनं एका अडलेल्या बाईकडून दीड डॉलरला जुन्या सामानाचं पोतं घेतलं आणि त्यात स्केट्सची जोडी निघाली, अशी त्याची गोष्ट आहे. ती पोत्याची गोष्ट आणि आमची म्हशीची गोष्ट एकाच जातीची. थंडीनं तळं फुकट गोठवलं, तोवर गरिबाचं पोर खेळलं. बर्फ छपराखाली गेला आणि त्याला भाडं लागलं.

आमच्याकडचा बर्फ म्हणजे मॅट. आज जागतिक स्पर्धेत जायचं तर मॅटशिवाय गत्यंतर नाही, आणि ते योग्यच आहे. खाशाबांना लंडनमध्ये जे कळलं ते आताच्या पोराला बाराव्या वर्षी कळायला हवं. 'महाराष्ट्र केसरी'त माती आणि मॅट असे दोन्ही विभाग ठेवून आपण तडजोड केलीय. पण मॅटला काही लाख लागतात, वर छप्पर लागतं, आणि ताक-हळद घालून ती घरी बनवता येत नाही. तिच्यासोबत कुस्तीचे बूट आले, पावडरचे डबे आले, फिजिओ आला, वातानुकूलित अकादमीची महिन्याची फी आली. डेअरीनं घरच्या दुधालाही भाव लावला. पोराला पाजलेलं दूध आता किती रुपयांचं, ते प्रत्येक बापाला तोंडपाठ असतं. बदाम पूर्वी काबुलकडून यायचा, आता बहुतेक कॅलिफोर्नियाहून येतो आणि डॉलरबरोबर चढतो. जे जे वस्तूत भागत होतं, ते ते रोकडीत गेलं. खर्च वाढला हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खर्चाची जात बदलली. घरच्या दुधाचा खर्च घरातल्या माणसांच्या पोटातून काढता येतो, आणि तो तसा काढला गेला. रोकडीचा खर्च कर्जातूनच निघतो.

कुस्तीपुरतंच हे राहिलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या दोन जिल्ह्यांनी जी नावं दिली ती बघा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, आईवडील मजुरी करणारे, टोकियो ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येत. सांगलीचा संकेत सरगर, वडिलांची पानटपरी आणि चहाची गाडी, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य. २४८ किलो उचलले, सुवर्ण एका किलोनं हुकलं, कारण शेवटच्या उचलींत कोपर दुखावलं. साताऱ्याची आदिती स्वामी, ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्याची जगज्जेती, वय वर्षं सतरा.

धनुष्याचं गणित आइस हॉकीच्या फार जवळ जातं. कंपाउंड धनुष्य परदेशी बनावटीचं, लाखांत. वर साइट, स्टॅबिलायझर, रिलीज, आणि बाण वेगळे. पोरीची ताकद आणि हातांची लांबी वाढते तसं सामान बदलावं लागतं. बाण हरवतात, मोडतात. आदितीचे वडील सरकारी शाळेत गणिताचे शिक्षक. मुलांना खेळायला मिळावं म्हणून त्यांनी गावाहून साताऱ्यात बिऱ्हाड हलवलं आणि मुलीच्या धनुष्यासाठी कर्ज काढलं. ती शिकली ती अकादमीही उसाच्या रानाला मैदान करून उभी राहिलेली. नागपूरचा ओजस देवतळे, जो त्याच बर्लिनमध्ये पुरुषांत जगज्जेता झाला, तोही शिकायला इथंच येऊन राहिला. कोल्हापूरच्या तालमींनी सातारची पोरं ओढली, तशी आता सातारच्या एका उसाच्या रानानं विदर्भाचं पोर ओढलं. मला याचा फार आनंद होतो. पण त्या आनंदात मास्तराचं कर्ज दिसत राहतं. १९५२ साली मास्तरनं दुसऱ्याच्या पोरासाठी घर गहाण टाकलं होतं. आता मास्तर आपल्याच पोरीसाठी कर्ज काढतो. ज्याच्या घरात पगारदार नाही आणि तारणाला सातबारा नाही, त्याच्या पोरीच्या हातात धनुष्य येतं कुठून? प्रवीण जाधवच्या हातात आलं, कारण जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकानं त्याला हेरलं आणि शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत धाडलं. राहणं, खाणं, शिकणं तिथंच. जुन्या तालमीसारखं काही सरकारनं केलं असेल तर ते हे, आणि त्यातून जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य जिंकणारा माणूस निघाला. एवढा पुरावा असून अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या का, हे मला कळलेलं नाही.

बाकी योजना आहेत, नाही असं नाही. 'खेलो इंडिया'त निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये धरलेले असतात. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिना दहा हजार, त्याच्या हातात. रक्कम वाईट नाही, महिना दहा हजारांत खुराकाचा मोठा भार उतरतो. वरच्या पातळीवर ऑलिंपिकसाठीची 'टॉप्स' योजना. पदक आलं की राज्य सरकारचं बक्षीस, नोकरी, शहरभर फलक. पण ओळ बघा: निवड झालेल्या, पदक आलेल्या. पैसा निकालानंतर येतो. खर्च निकालाच्या आधी असतो, दहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत. या सहा वर्षांना पूर्वी संस्थान, तालीम, यात्रेतली रेवडी आणि घरातल्या बायाबापड्यांचं दूध मिळून तोलून धरत होतं. संस्थान गेलं ते बरंच झालं. पण त्या वर्षांचं काय करायचं, हे ठरवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती मी आत्याला मुद्दाम सांगितली. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाली, ती सांगलीत. जिंकली सांगलीचीच प्रतीक्षा बागडी. संकेत सरगरची धाकटी बहीण काजोल हिनं तर भावाच्या रौप्याच्या आधी खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं सुवर्ण आणलं होतं. चहाच्या गाडीवर दोन खेळाडूंचा खुराक काढणाऱ्या त्या घरात मुलीचा वाटा वेगळा धरला गेला. आत्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'मग तिला दूध कोण पोचवतं?' मी म्हटलं, आता तसं कुणी पोचवत नसतं, पिशवीचं असतं. तिला ते फारसं पटलं नाही.

गोळेश्वरला खाशाबांच्या नावानं कुस्ती अकादमी उभारायची घोषणा सरकारनं केली, त्याला बरीच वर्षं झाली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांआधी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. गावातलं काम मात्र कागदावर फिरत राहिलं. २०१७ च्या जुलैमध्ये खाशाबांच्या कुटुंबीयांनी जाहीर केलं, की सरकार अकादमी बांधत नसेल तर आम्ही हेलसिंकीचं पदक लिलावात काढतो आणि त्या पैशातून बांधतो.